ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, तरी पॅनिक अ‍ॅटॅक येतायत, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. दोन वर्षांपासून मधेच छातीत धडधड, घाम, हातापायाला मुंग्या, आणि "आता संपलं सगळं" असं वाटणं. तीनदा रात्री कॅज्युअल्टीत जाऊन आलात, ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल, शेवटच्या वेळी "गॅस आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. आता पंचगंगेच्या पुलावरनं बाईक चालवायची भीती बसलीय म्हणून मित्राच्या मागं बसून कामावर जाता, खिशात मेडिकलमधनं आणलेली अल्प्राझोलामची, म्हणजे भीती दाबणाऱ्या गुंगीच्या गोळीची, पट्टी असते. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. आणि सायकियाट्रिस्टकडं गेलो तर गोळ्या आयुष्यभर चिकटतील आणि बहिणीचं लग्न ठरवायचंय त्यात गावभर बोभाटा होईल, ही धास्ती. विचारलंय, हे बरं होतं का आणि सुरुवात कुठनं करायची.

बरं होतं. पॅनिकचा त्रास हा आम्हा सायकियाट्रिस्टकडं येणाऱ्या आजारांमधला उपचारांना चांगला दाद देणारा त्रास आहे, पण तुम्ही ज्या पद्धतीनं तो आवरायला बघताय ना, त्या पद्धतीनं तो वाढतो. माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्याभोवती आहे, त्यामुळं उत्तर लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी हृदयाचा विषय संपवू, कारण तो डोक्यातनं गेल्याशिवाय पुढचं काही आत शिरणार नाही. छातीत धडधडलं की हृदयाचा विचार येणं यात येडेपणा काही नाही, डॉक्टर लोकसुद्धा यात वर्षानुवर्षं गोंधळलेत. १८७१ साली जेकब दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं, धडधड, दम लागणं, छातीत दुखणं, आणि तपासलं तर हृदयात दोष काही सापडेना. पॅनिक डिसऑर्डर हा वेगळा आजार म्हणून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात यायला १९८० साल उजाडलं. तुमच्या तपासण्या झाल्यात, आता फक्त थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शुगर राहिली असेल तर एकदा करून घ्या, कारण थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड होते. आणि ते झालं की थांबा. चौथा ईसीजी हा तपास राहत नाही, ती सवय होते, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी "मशीन बरोबर होतं का" हा किडा वळवळायला लागतो.

पण हे वाचून कुणी पन्नाशीतला, शुगर-बीपी असलेला माणूस छातीवर दाब येत असताना "पॅनिकच असेल" म्हणून घरी बसू नका. चढ चढताना किंवा वजन उचलताना छातीत दाब येणं आणि थांबलं की कमी होणं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणं, खरोखर शुद्ध हरपणं, घरात कमी वयात हार्ट अ‍ॅटॅक झालेला असणं, यातलं काहीही असेल तर सरळ कॅज्युअल्टी. लाज बाळगायची नाही.

आता अ‍ॅटॅकमध्ये नेमकं होतं काय ते बघा. शरीराला धोका आहे असं वाटलं की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, घाम येतो, पोटात खड्डा पडतो. श्वास भराभर चालतो. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, त्यानं ओठाला आणि बोटांना मुंग्या येतात, कधीकधी बोटं वाकडी होऊन आखडतात (हे बघून घरातली माणसं हमखास घाबरतात, पॅरालिसिस झाला म्हणून आणतात), मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून गरगरतं, आजूबाजूचं सगळं खोटं-खोटं, लांब गेल्यासारखं वाटतं. आणि गंमत म्हणजे त्या वेळी ऑक्सिजन भरपूर असतो, तरी वाटत असतं की हवाच पुरत नाही, म्हणून माणूस अजून जोरात ओढतो आणि अजून मुंग्या येतात. हा सगळा भर साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक वेळा ओसरतो. अ‍ॅड्रेनालिन शरीर स्वतःच जिरवतं, सलाइन लावलं तरी आणि नाही लावलं तरी. कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत बरं वाटायला लागतं ते यामुळं, आणि आपल्याला वाटतं पोचलो म्हणून वाचलो.

चक्कर येऊन पुलावर पडेन असं तुम्ही लिहिलंय. बेशुद्ध पडायला बीपी एकदम खाली यावं लागतं, पॅनिकमध्ये ते उलट वाढलेलं असतं. म्हणून पॅनिकमध्ये गरगरतं खूप पण माणूस पडत नाही सहसा. रक्त किंवा इंजेक्शन बघून पडणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं बीपी खरंच पडतं. तुम्हाला दोन वर्षांत इतके अ‍ॅटॅक आले, एकदा तरी खाली पडलात का? तुमच्या पत्रात तसं कुठं लिहिलेलं नाही.

मग त्रास टिकून का राहतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली हे फार सोपं करून मांडलं, की शरीरात काहीतरी साधं होतं, जिना चढून ठोके वाढतात, उपाशीपोटी चहानं छातीत धडधडतं, आणि माणूस त्याचा अर्थ "मरणार" असा लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं ठोके अजून वाढतात, आणि ते बघून अर्थ पक्का होतो. एवढंच चक्र. यात भर पडते आपण करून ठेवलेल्या सोयीची. खिशात गोळी, डिकीत पाण्याची बाटली, बाईकवर पुढं मित्र, एसटीत दाराजवळची सीट, अंबाबाईच्या देवळात नवरात्रात जायचंच नाही, जेवण झालं की ऑक्सिमीटर लावायचा, रात्री झोपताना मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायचे. यातली प्रत्येक गोष्ट मेंदूला सांगते की "धोका खरा होता, सोय होती म्हणून वाचलास". गल्लीतलं कुत्रं पळणाऱ्याच्याच मागं लागतं, तसं आहे हे.

इथं आपल्या गावाचं एक सांगतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर झाल्यापासनं जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडं एक ठरलेला प्रकार येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला गेली, की ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यातली काही माणसं मोबाईल सोडत नाहीत, दर दहा मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपवर फूट आणि इंच बघायचं, ४३ ची धोका पातळी अजून लांब असली तरी झोप नाही. सामान वर चढवणं हे शहाणपण आहे, ते करायचंच. पण रात्रभर आकडा बघून पाणी एक इंचही कमी होत नाही, फक्त बघणाऱ्याचे ठोके वाढतात. मनगटावरचे ठोके मोजणं हे नेमकं तेच. तुमचा पहिला अ‍ॅटॅक पुराच्या दिवसांत शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला त्या आठवणीनं पुलावर आला का दुसऱ्या कशानं, हे मला इथनं सांगता येणार नाही, पण भेटीत डॉक्टरांना त्या दिवसाबद्दल जरूर बोला.

उपचारात काय करतो ते जरा जवळनं दाखवतो, कारण "काउन्सेलिंग" म्हटलं की लोकांना वाटतं समोर बसून गोड बोलणार आणि सकारात्मक विचार करा म्हणणार. माझ्या खोलीत एक फिरती खुर्ची आहे आणि ड्रॉवरमध्ये स्ट्रॉचं पाकीट. पेशंटला आधी विचारतो, अ‍ॅटॅकमधलं सगळ्यात वाईट काय वाटतं. गरगर म्हणाला तर खुर्चीत बसवून एक मिनिट फिरवतो. दम म्हणाला तर नाक चिमटीत धरून स्ट्रॉनं एक मिनिट श्वास घ्यायला लावतो, धडधड म्हणाला तर जागच्या जागी पळायला. (अस्थमा, फिट, हृदयाचा विकार, गरोदरपण असेल तर हे करत नाही, म्हणून यूट्यूबवर बघून घरी सुरू करू नका.) बहुतेकांचा चेहरा अर्ध्या मिनिटात बदलतो, "डॉक्टर हेच, हेच होतंय मला, थांबवा!" आणि मी थांबवत नाही, मिनिट पूर्ण करतो. मग नुसतं बसायचं. पाणी प्यायचं नाही, नाडी बघायची नाही, मी पण "काही होत नाही हं" म्हणत नाही. दोन-तीन मिनिटांत ते उतरतं आणि समोरच्या माणसाला पहिल्यांदा कळतं की हे मी स्वतः चालू केलं आणि काहीच न करता बंद झालं. हेच परत, परत, परत. कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की काम झालं म्हणायचं.

हे सीबीटीतलं, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या थेरपीतलं, एक तंत्र, शिकलेल्या माणसाकडनं साधारण दहा-पंधरा बैठकांत होण्यासारखं. त्याचा दुसरा भाग म्हणजे पूल. तुमच्यासाठी मी असा क्रम लावला असता: रविवारी सकाळी लवकर, ट्रॅफिक कमी असताना, तावडे हॉटेलपासनं सांगली फाट्यापर्यंत बाईक तुम्ही चालवायची आणि मित्र मागं. हे इतक्यांदा करायचं की पूल आला तरी पोटात गोळा यायचा कमी होतो. मग मित्र मागनं वेगळ्या गाडीवर. मग एकटं, रविवारीच. मग एकटं, शिफ्टच्या टायमाला, ट्रकांच्या गर्दीत. आणि सगळ्यात शेवटी, जो भाग लोक टाळतात, खिशातली पट्टी घरी ठेवून. पुलावर भीती वाढली तर वेग कमी करून डाव्या बाजूनं पूल ओलांडा, पलीकडं जागा बघून थांबा, भीती उतरेपर्यंत थांबा, पण भीतीच्या टोकाला असताना उलटं फिरून घरी येऊ नका, नाहीतर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून सुटलो. भीती शून्य झाल्यावर जाईन असं म्हणाल तर कधीच जाणार नाही, थोडी भीती घेऊनच जायचं असतं.

हे चालू करायच्या आधी गोळ्यांचं नीट समजून घ्या, कारण तुमचा खरा गुंता तिथं आहे. अल्प्राझोलाम हे शेड्यूल एच-वनमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही आणि दुकानदारानं वेगळी नोंद ठेवायची असा नियम, तरी मिळतं ते आपल्या सगळ्यांना माहितीय. ती गोळी अर्ध्या-एक तासात काम करते म्हणून आवडते, काही तासांत उतरते म्हणून परत लागते, आणि उतरताना जी बेचैनी होते तिला माणूस आजार वाढला समजतो. तुम्ही लिहिलंय आधी पाव लागायची, आता अर्धी, कधी एक. म्हणजे सवय लागायला लागलीय. पण आज माझं वाचून पट्टी कचऱ्यात टाकू नका! रोज घेत असाल आणि एकदम बंद केली तर झोप उडणं, थरथर, आणि काहींना चक्क फिट येते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्यानं कमी करायची असते, कधी तिच्या जागी जास्त वेळ टिकणारी त्याच जातीची गोळी देऊन. दारूबरोबर तर अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास दाबतात. आणि ती घेऊन बाईकही नको, गुंगीत पूल जास्त धोक्याचा. तुम्ही फाउंड्रीत भट्टीजवळ उभे असता, तिथंही तेच.

मूळ उपचाराची औषधं वेगळी. एसएसआरआय म्हणतात त्यांना, एसिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन वगैरे. झोपेच्या गोळ्या नाहीत या. पॅनिकच्या पेशंटला आम्ही नेहमीपेक्षा कमी डोसनं सुरू करतो, उदाहरणार्थ एसिटॅलोप्राम ५ मिलीग्रॅम, कारण पहिल्या आठ-दहा दिवसांत यानं बेचैनी आणि धडधड उलट थोडी वाढू शकते, मळमळतं, पोट बिघडतं, डोकं दुखतं. नेमकं तेव्हाच लोक "मला गोळी सूट होत नाही" म्हणून सोडतात आणि गावभर सांगतात. फरक पडायला दोन ते चार आठवडे, नीट गुण यायला सहा-आठ किंवा त्याहून जास्त. हे आधी सांगितलं असलं की माणूस टिकतो. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वीर्यपतनाला उशीर हा साइड इफेक्ट बऱ्याच जणांना होतो, आणि पुरुष पेशंट तो न सांगता गोळी बंद करतात. सांगा हो डॉक्टरला, डोस किंवा औषध बदलता येतं, रोज ऐकतो आम्ही हे.

आयुष्यभर लागतील का? बहुतेकांना नाही. बरं वाटल्यावर साधारण वर्षभर चालू ठेवतो आणि मग हळूहळू कमी करतो. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं काही दिवस, अल्प्राझोलामसारखी तलफ येत नाही. काहींना परत त्रास होतो, परत घ्यावी लागते, ज्यांनी गोळीबरोबर वरचा खुर्ची-स्ट्रॉ-पूल वगैरे अभ्यास केलेला असतो ते जास्त चांगले टिकतात असं माझं मत. नुसत्या सीबीटीवरही बरे होणारे आहेत, पण सकाळच्या शिफ्टला उठायचंच वांदं असेल तर मी दोन्ही मिळून सुचवतो.

खाण्यापिण्याचं भरभर सांगतो. शिफ्टला दिवसात सात-आठ कप चहा होत असेल तर दोनवर आणा, टप्प्यानं. मावा आणि सिगरेटनं ठोके वाढतात, निकोटिननं शांत वाटतं हा भ्रम आहे. संध्याकाळची क्वार्टर त्या रात्रीपुरती भीती दाबते आणि पहाटे चारला दुपटीनं परत देते. रात्री झोपेतनं दचकून उठून धडधडणं हाही पॅनिकचाच प्रकार असतो कधीकधी, पण पिऊन झोपणाऱ्यानं आधी दारू बघावी. व्यायाम सोडू नका, तांबडा-पांढरा पण सोडायची गरज नाही. प्राणायामाचं मात्र ऐका: कपालभाती आणि भस्त्रिकेत श्वास भराभर चालतो, पॅनिकवाल्या माणसाला त्यानं तिथंच अ‍ॅटॅक येऊ शकतो, आणि मग "योगा पण करून बघितला" म्हणून निराश होतात. सध्या सावकाश श्वास, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दिवसातनं दोनदा पाच-पाच मिनिटं, बरं वाटत असताना. अ‍ॅटॅक आला की घाईघाईनं तेच करत सुटलात तर ती पण खिशातल्या पट्टीसारखी अजून एक सोय होऊन बसते. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय आता कुणी करू नये, खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो घातक आहे.

घरच्यांसाठी. "टेन्शन घेऊ नको" हे वाक्य महिनाभर बंद करा, टेन्शन काय दुकानातनं आणलेलं नाही. वहिनींनी दर अर्ध्या तासाला "बरं वाटतंय ना हो?" विचारणंही थांबवायचं, प्रेमानं विचारतात पण प्रत्येक वेळी माणूस आत डोकावून बघतो आणि काहीतरी सापडतंच. अ‍ॅटॅक आला तर शेजारी बसा, "उतरेल, मी आहे" एकदाच म्हणा, आणि मग हातातलं काम करत राहा. आईला नारळ उतरवायचाय तर उतरवू दे, दृष्ट काढली म्हणून काही बिघडत नाही. देवरुषी गोळ्या बंद करा म्हणाला, उपास किंवा मारहाण करायला लागला, तर मात्र तिथनं उठायचं.

कुठं जायचं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला सायकियाट्रीची ओपीडी आहे, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे ते, खर्चाची अडचण असेल तर बिनधास्त तिथं जा. खासगीत जायचं तर सायकियाट्रीतली एमडी किंवा डीपीएम ही पदविका असलेले डॉक्टर, आणि थेरपीसाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नोंदणी नंबर विचारायला लाजू नका. जायचा धीरच होत नसेल तर टेली-मानसला फोन लावा, १४४१६, केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासनं चालू असलेली मानसिक आरोग्याची सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि या सगळ्यानं वैतागून जीव द्यायचे विचार येत असतील, तर हे उत्तर पुढं वाचत बसू नका, आत्ता घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्याच नंबरवर बोला किंवा सरळ कॅज्युअल्टी गाठा.

बोभाट्याचं म्हणाल तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो मे २०१८ पासनं लागू आहे, त्यात तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे. डॉक्टर तुमच्या पाहुण्याला, मालकाला काही सांगू शकत नाही. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही आहे, पॉलिसी असेल तर बघून घ्या. राहता राहिलं बहिणीचं लग्न. एवढ्याशा गावात कुणी ना कुणी वेटिंगमध्ये दिसणारच, तोही स्वतःसाठीच आलेला असतो हे लक्षात ठेवा. शिवाय रात्री दोनला तीनदा कॅज्युअल्टीत नेलं ते गल्लीला आधीच माहितीय, उपचार न घेतल्यानं ते काही लपत नाही.

पहिल्या भेटीला जाताना जुने ईसीजी, इकोचा रिपोर्ट आणि अल्प्राझोलामची पट्टी सोबत न्या आणि दिवसाला खरोखर किती घेता ते खरं सांगा, चहा-मावा-दारूसकट. एका कागदावर शेवटच्या तीन-चार अ‍ॅटॅकचं लिहा: कुठं होतात, आधी काय खाल्लं-प्यायलं, पहिल्यांदा शरीरात काय जाणवलं, मनात काय आलं, मग काय केलंत. खाली दुसरी यादी, या त्रासामुळं काय काय करायचं सोडलंय आणि कशाकशाची सोय करून ठेवलीय. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब होईल बघा, उपचार तिथनंच सुरू करतात. मिसेसना बरोबर न्या पण पहिली दहा मिनिटं एकटे बोला.